सायकलने कामावर: पुण्यातल्या रोजच्या चढउतारांची पूर्वतयारी

सायकलने कामावर जाण्याचा विचार बोलून दाखवला की पुण्यात चर्चा लगेच सायकल कोणती घ्यावी, गिअर किती असावेत आणि किती पैसे मोजावेत इथे येऊन ठेपते. हौसेने घेतलेली सायकल दोन-तीन महिन्यांत गॅलरीत धूळ खात पडते तेव्हा मात्र दोष क्वचितच सायकलीचा असतो. चढ दमवतो म्हणून सोडणारेही थोडेच, कारण काही आठवड्यांत पाय त्याला सरावतात. सवय मोडते ती बारीकसारीक गोष्टींनी: घामाने भिजलेला शर्ट, डब्यातून सांडलेली आमटी, ‘इथे सायकल लावायची नाही’ म्हणणारा रखवालदार, आणि नेमके महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी झालेले पंक्चर. या सगळ्यांची सोय आधी लावून ठेवली, तर सायकल चालवणे हा दिवसातला सर्वांत सोपा भाग उरतो. म्हणून पुढील क्रम खरेदीपासून सुरू होत नाही.

घर ते कार्यालय हे एका बाजूचे अंतर ५ ते १२ किलोमीटर असलेले नोकरदार इथे डोळ्यांसमोर आहेत. सिग्नल, गर्दी आणि खड्डे धरून साधारण प्रकृतीच्या माणसाचा शहरातला सरासरी वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर पडतो, म्हणजे १० किलोमीटरला पाऊण तास लागतो. अंतर १५ किलोमीटरच्या पुढे असेल तर रोजचा हट्ट न धरता आठवड्यातून दोन दिवसांवर समाधान मानावे. हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघ्यांचे जुने दुखणे असल्यास सुरुवातीपूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

आधी रस्ता, मग सायकल

पहिली फेरी रविवारी सकाळी करावी, पण तिच्यावर विसंबू नये. रविवारी साडेसातला मोकळा असणारा कर्वे रस्ता सोमवारी साडेनऊला वेगळाच असतो. त्यामुळे रविवारच्या फेरीत फक्त चढ, खराब तुकडे आणि लागणारा वेळ यांची नोंद घ्यावी, आणि त्याच रस्त्याने एकदा कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, बसने किंवा दुचाकीने जाऊन कुठे कोंडी होते, कोणत्या चौकात डावीकडे वळणारी वाहने अंगावर येतात आणि कुठे उलट्या दिशेने दुचाक्या घुसतात हे पाहून ठेवावे.

मोबाइलवरचा नकाशा बहुधा मोटारीच्या किंवा दुचाकीच्या सोयीचा रस्ता सुचवतो, आणि त्यात उड्डाणपूल व रुंद रस्ते अधिक येतात. सायकलीला नेमके उलट हवे असते. कोथरूडहून शिवाजीनगरला जायचे तर सरळ कर्वे रस्ता पकडून डेक्कन गाठणे हा जवळचा मार्ग. पण मयूर कॉलनीतून निघून, एरंडवण्यातल्या आतल्या गल्ल्या आणि प्रभात रस्ता किंवा भांडारकर रस्ता असे गेल्यास अंतर थोडे वाढते, मात्र बसगाड्या आणि मोटारींचा ताण पुष्कळ कमी होतो, शिवाय झाडांची सावली मिळते. पाच-सात मिनिटे जास्त लागली तरी शांत रस्ता निवडावा, असे माझे ठाम मत आहे. घाईचा रस्ता आठवडाभर सोसवतो, वर्षभर नाही.

जाण्याचा आणि येण्याचा रस्ता एकच असेल असेही धरून चालू नये. फर्ग्युसन रस्ता शिवाजीनगरच्या दिशेने आणि जंगली महाराज रस्ता डेक्कनच्या दिशेने एकेरी आहे, त्यामुळे त्या परिसरात सकाळ आणि संध्याकाळ यांची आखणी स्वतंत्रच करावी लागते. ‘सायकलच तर आहे’ म्हणून एकेरी रस्त्यावर उलटे शिरण्याचा मोह इथे हमखास होतो. तो टाळावा, कारण रस्ता ओलांडणारा पादचारी आणि गल्लीतून बाहेर येणारा मोटारवाला दोघेही त्या बाजूला पाहतच नाहीत.

हिंजवडी, वाकड किंवा बाणेरच्या पुढे जाणाऱ्यांनी मुंबई–बेंगळुरू महामार्गाचा तुकडा किती टाळता येतो हे सर्वांत आधी तपासावे. सेवा रस्ता जिथे तुटतो आणि सायकल अवजड वाहनांच्या मार्गिकेत ढकलली जाते, तिथे शौर्य उपयोगाचे नाही. त्या टप्प्यापुरते उतरून कडेने चालावे किंवा तेवढे अंतर बसने काटावे. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, पण प्रत्यक्षातले सायकल मार्ग तुटक आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्यांवर दुचाक्या उभ्या असतात. म्हणून सायकल मार्ग मिळाला तर वापरावा, परंतु त्याच्या भरवशावर रस्ता आखू नये.

सायकल आणि तिच्यावरचे सामान

घरात चालू स्थितीतली कोणतीही सायकल असेल तर पहिला महिना तिच्यावरच काढावा. नवी घ्यायचीच झाली, तर शहरातल्या डांबरी रस्त्यांसाठी ‘हायब्रिड’ म्हणून विकली जाणारी, साधारण ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीच्या टायरची आणि ताठ काट्याची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात सस्पेन्शन नसलेली, सायकल पुरेशी ठरते. पुढच्या काट्यातले स्वस्त सस्पेन्शन वजन वाढवते आणि चढावर पायातला जोर खाते. मडगार्ड, कॅरिअर आणि स्टँड बसवण्याची सोय सांगाड्यावर आहे की नाही हे मात्र दुकानातच पाहावे, कारण रोजच्या उपयोगात गिअरच्या संख्येपेक्षा या तीन वस्तूंचे महत्त्व अधिक असते.

सीटची उंची ठरवण्याची सोपी पद्धत अशी: पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय गुडघ्यात जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून सीट खाली ठेवणे हेच पुण्यातल्या बहुतेक गुडघेदुखीचे मूळ असते, असे कोणताही जुना सायकलवाला सांगेल.

हेल्मेट डोक्याला घट्ट बसणारे आणि सायकलसाठीच्या मानकाचे, उदाहरणार्थ ईएन १०७८ असे छापलेले, असावे, आणि एकदा जोरात आपटल्यावर ते वरून ठीक दिसले तरी बदलावे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा अनिवार्य समजावा. पूर्वी पुण्यात सायकलीला दिवा नसला की पोलीस अडवत, आणि सायकलकराचा पितळी बिल्लाही लागत असे. आज साध्या सायकलीला नोंदणी, परवाना, विमा यांपैकी काहीच लागत नाही आणि दिव्यासाठी कोणी हटकतही नाही, त्यामुळे ही काळजी सर्वस्वी स्वतःलाच घ्यावी लागते. ज्यांना चढ खरोखरच झेपत नाही, त्यांच्यासाठी २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असलेली विद्युत सायकल हा चांगला मार्ग आहे. या मर्यादेत ती नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही.

घाम, कपडे आणि डबा

पाठीवर सॅक घेऊन निघालेल्या माणसाची पाठ दहाव्या मिनिटाला ओली होते, आणि मग कितीही चांगला शर्ट घातला तरी उपयोग नसतो. म्हणून सामानाचे ओझे शरीरावरून काढून सायकलवर टाकणे ही पहिली सुधारणा. कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या पिशव्या मिळतात. त्या घेताना पेडल मारताना टाच पिशवीला लागत नाही ना हे बघावे. तेवढा खर्च नको असेल, तर कॅरिअरवर प्लॅस्टिकचा क्रेट पक्का बांधून त्यात सॅक ठेवली तरी काम भागते.

घराबाहेर पडताना वेगळे कपडे आणि कार्यालयात वेगळे, हा नियम अंतर तीन-चार किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर पाळावाच. सुती गंजी घाम धरून ठेवते आणि अंगाला चिकटते. खेळण्यासाठी वापरतात तसला कृत्रिम धाग्याचा पातळ टी-शर्ट लवकर वाळतो. कार्यालयातले बूट, पट्टा आणि एक पँट तिथेच खणात ठेवावी. शर्टांसाठी उत्तम व्यवस्था अशी की आठवड्यातल्या ज्या दिवशी बसने किंवा गाडीने जाणे होते, त्या दिवशी पुढच्या चार दिवसांचे इस्त्रीचे शर्ट नेऊन टांगावेत. ते शक्य नसेल तर शर्टाची घडी न घालता तो टॉवेलभोवती सैलसर गुंडाळून न्यावा. सुरकुत्या कमी पडतात आणि टॉवेलही हाताशी राहतो.

शेवटचा एक किलोमीटर मुद्दाम सावकाश चालवावा. पोहोचल्यावर लगेच कपडे बदलण्याची घाई करू नये. शरीर तापलेले असताना घातलेला स्वच्छ शर्ट पाच मिनिटांत ओला होतो. आधी सायकल लावावी, पाणी प्यावे, दहा मिनिटे पंख्याखाली बसावे, नंतर ओल्या टॉवेलने मान, काखा, पाठ पुसून कपडे बदलावेत. या सगळ्याला वीस मिनिटे लागतात आणि ती प्रवासाच्या वेळात धरूनच घरून निघण्याची वेळ ठरवावी. इथे कंजुषी केली की उरलेला दिवस चिडचिडीत जातो.

महिलांसाठी काही सूचना वेगळ्याने आवश्यक आहेत. ओढणी, साडीचा काठ किंवा लांब कुर्त्याची टोके मागच्या चाकात आणि चेनमध्ये अडकण्याचा धोका खरा असतो, म्हणून चेन-कव्हर आणि चाकावरची जाळी असलेली सायकल निवडावी, किंवा प्रवासापुरता सुटसुटीत वेश करावा. चेन उजव्या बाजूला असल्याने पँटचा किंवा सलवारीचा उजवा पाय रबराने बांधून घ्यावा. हे पुरुषांनाही तितकेच लागू आहे. संध्याकाळी उशीर होणार असेल, तर टेकडीलगतचे निर्जन रस्ते सोडून वर्दळीच्या रस्त्याने परतावे, भले तो सकाळी टाळला असला तरी.

डब्याबाबत एकच सांगायचे तर सायकलच्या दिवशी कोरडी भाजी न्यावी. खड्ड्यांच्या हादऱ्यांपुढे फिरकीच्या झाकणाचा डबाही शेवटी हार मानतो, आणि आमटी शर्टांपर्यंत पोहोचली की तिचा वास दिवसभर सोबत करतो. डबा पिशवीच्या तळाशी, उभा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. कपडे दुसऱ्या बाजूच्या पिशवीत.

रस्त्यावरची जागा

रस्त्याच्या डाव्या कडेला अगदी चिकटून चालवणे सुरक्षित वाटते, परंतु चेंबरच्या जाळ्या, वाळू, काचा आणि उभ्या मोटारींची अचानक उघडणारी दारे नेमकी तिथेच असतात. कडेपासून साधारण एक मीटर आत, सरळ रेषेत चालवावे. उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरून पुन्हा बाहेर येण्याची सवय वाईट, कारण मागून येणाऱ्याला सायकल क्षणभर दिसत नाही आणि मग एकदम समोर येते. खड्डा चुकवण्यापूर्वी उजव्या खांद्यावरून मागे पाहण्याची सवय लावून घ्यावी. तसे पाहताना हँडल वळत नाही ना, याचा सराव मोकळ्या मैदानात आधी करून घ्यावा.

पीएमपीची बस थांब्याकडे वळू लागली की तिच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नये. ती पुढे थांबेपर्यंत मागेच राहावे. हेच सिमेंटच्या मिक्सरला आणि मालमोटारींना लागू आहे: सिग्नलला त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहिल्यास चालकाला सायकल दिसत नाही, आणि डावीकडे वळताना मागचे चाक कडेला घासत येते. रिक्षा प्रवासी दिसताच जागच्या जागी थांबते, म्हणून तिच्या मागे दोन सायकलींइतके अंतर ठेवावे. मोठ्या चौकात उजवीकडे वळण्यासाठी वाहनांच्या मधोमध जाण्यापेक्षा आधी सरळ पलीकडे जाऊन तिथे थांबावे आणि पुढचा सिग्नल सुटल्यावर उजव्या दिशेला निघावे. यात एक मिनिट जाते, इतकेच.

घंटी पादचाऱ्यांसाठी असते. काचा बंद केलेल्या मोटारीत ती ऐकू जात नाही, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवू नये. कानात इअरफोन तर नकोतच.

चढ आणि वारा

पुणे सपाट वाटते ते गाडीत बसल्यावर. डेक्कनचा नदीकाठ सखल आहे आणि कोथरूड, बावधन, कात्रज या बाजूंना जमीन चढत जाते. पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे जाताना किंवा सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आसपास हे पायांना लगेच कळते. परिणामी कोथरूडकराची सकाळ उताराची आणि संध्याकाळ चढाची असते. हा योग चांगलाच, कारण घाम घरी पोहोचताना येतो. ज्यांचे कार्यालय चढावर आहे, त्यांनी कपडे बदलण्याची सोय अधिक काटेकोर ठेवावी.

चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा. चढाच्या मध्यावर पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर चेन कडकडते, कधी उतरते. मिनिटाला ७० ते ८० फेरे पडतील इतपत हलक्या गिअरवर पाय फिरते ठेवावेत. जड गिअर रेटत नेण्यात मर्दुमकी वाटते, पण त्याची किंमत गुडघे चुकवतात. सिग्नल लाल दिसताच थांबण्याआधी गिअर हलका करून घेतला, की सुटताना डगमगायला होत नाही. बिनगिअरची सायकल असल्यास तीव्र चढावर उतरून चालण्यात काहीही कमीपणा नाही.

वाऱ्याचा विचार सहसा कोणी करत नाही. पावसाळ्यात पुण्यात वारे मुख्यतः पश्चिमेकडून येतात आणि उन्हाळ्यातही दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. म्हणजे पश्चिमेकडच्या उपनगरांत राहून पूर्वेला नोकरी करणाऱ्याला परतताना चढ आणि समोरचा वारा दोन्ही एकदम भेटतात. अशा वेळी वेगाचा आग्रह सोडून गिअर एक-दोनने हलका करावा, आणि घरी पोहोचण्याची वेळ सांगताना दहा मिनिटे वाढवून सांगावी.

पंक्चर

पंक्चर होणारच, हे गृहीत धरून एक जास्तीची ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, लहान पंप आणि चाकाच्या नटांचा पान्हा हे सीटखालच्या पिशवीत कायम ठेवावे. रस्त्यात ठिगळ लावत बसू नये. ट्यूब बदलावी आणि ठिगळाचे काम घरी करावे. हे सगळे पहिल्यांदा घरात, दिवसाउजेडी करून पाहावे.

मागचे चाक काढायचे असल्यास आधी चेन सर्वांत लहान चक्रावर आणावी, म्हणजे चाक सहज सुटते. ब्रेक सैल करून चाक काढल्यावर उरलीसुरली हवा सोडावी आणि टायरच्या दोन्ही कडा चहूकडून दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात सरकवाव्यात. मग पट्टीने एका बाजूची कड बाहेर काढून ट्यूब ओढून घ्यावी. यानंतरची पायरी घाईत हमखास राहते: टायरच्या आतून बोट हळूच, सावधपणे फिरवून काटा, काच किंवा तार शोधून काढावी. बाभळीचा काटा आणि महामार्गालगत पडलेली, फुटलेल्या टायरमधली केसाएवढी बारीक पोलादी तार बाहेरून दिसत नाही, आणि ती आतच राहिली तर नवी ट्यूब पुढच्या चौकात बसते. ट्यूबवर शेजारीशेजारी दोन भोके दिसली तर काटा शोधण्याची गरज नाही. हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर आपटून रिमने ट्यूब चिमटल्याची ती खूण असते.

नव्या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती थोडी हवा भरून ती आत बसवावी, टायरची कड व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने चढवायला घ्यावी आणि शेवट व्हॉल्वपाशी करावा. शेवटचा टप्पा शक्यतो अंगठ्यांनीच बसवावा, पट्टीने रेटल्यास ट्यूब चिमटते. व्हॉल्व एकदा आत ढकलून पुन्हा बाहेर ओढला, की त्याच्याखाली ट्यूब अडकलेली नाही याची खात्री होते. घरी आल्यावर जुनी ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे पाहावेत, ती जागा कोरडी करून पॉलिश पेपरने घासावी, सोल्यूशन लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे आणि मगच ठिगळ दाबून बसवावे. ओल्या सोल्यूशनवर लावलेले ठिगळ टिकत नाही.

वाटेतल्या दुचाकीच्या पंक्चर दुकानात हवा भरून घेताना कारागिराला थांबत-थांबत भरायला सांगावे, कारण सायकलच्या ट्यूबमध्ये हवा कमी मावते आणि कॉम्प्रेसरने ती काही क्षणांत फुटू शकते. बारीक, उंच प्रेस्टा व्हॉल्व असेल तर दुकानातली नळी त्याला बसत नाही. त्यासाठी पितळेचे छोटे नोझल मिळते, ते पिशवीत असू द्यावे. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेले असते. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, हवा तपासली तर बरीच पंक्चरे होतच नाहीत.

पाऊस, ऊन आणि मिरवणुका

जूनमधला पहिला मोठा पाऊस हा वर्षातला सर्वांत निसरडा दिवस. रस्त्यावर महिनोन्‌महिने साठलेले तेल आणि धूळ पाण्यावर तरंगते आणि वळणावर चाक सरकते. पावसाळाभर झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे, पेव्हर ब्लॉक आणि झाडांखालचा कुजलेल्या फुलापानांचा थर यांवर ब्रेक लावू नये आणि वळूही नये. ते सरळ, सायकल तिरपी न करता ओलांडावेत. रिमवर दाबणारे ब्रेक ओले असताना उशिरा पकड घेतात, म्हणून थांबायच्या बरेच आधीपासून हलके दाबून रिम पुसून घ्यावी. पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल, तर तिथे खड्डा किंवा उघडे चेंबर आहे असेच धरून चालावे आणि मागे फिरावे.

रेनकोटबद्दल माझे मत अनेकांना पटणार नाही: कोमट पावसात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून सायकल चालवली तर माणूस आतून घामाने तेवढाच भिजतो. रिमझिम पाऊस असेल तर भिजत जावे आणि कोरडे कपडे दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत सांभाळावेत. सारी मेहनत त्या पिशवीवर घ्यावी. हाताने शिवलेला झग्यासारखा रेनकोट वाऱ्यात फुगतो आणि सायकल ओढतो, म्हणून तो टाळावा. पायांत मोज्यांसह बूट नकोत, फ्लोटर्स उत्तम. चष्मा असणाऱ्यांनी हेल्मेटखाली पुढे झडप असलेली पातळ टोपी घालावी. मडगार्ड नसलेल्या सायकलीचा मागचा चिखल थेट पाठीवर येतो.

खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो, हे पुणेकरांना ठाऊक असते, पण सायकलवाल्यांनी त्याचा पर्याय आधीच चालवून पाहिलेला असावा. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत पाणी शिरले, तसा दिवस कार्यालयात असताना उजाडला तर परतीचा कोरडा रस्ता त्याच वेळी शोधण्यात अर्थ नसतो. हवामान खात्याने लाल इशारा दिला असेल तर सायकल घरीच ठेवावी.

उन्हाळ्यात कार्यालयाची वेळ बदलून मिळत असेल तर सकाळी आठच्या आत पोहोचण्याचा प्रयत्न करावा. एप्रिलमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि चारनंतरही डांबर तापलेले असते. निघण्यापूर्वी पेलाभर पाणी, सोबत मोठी बाटली आणि घरी आल्यावर ताक किंवा मीठ घातलेले लिंबू सरबत पुरते. एप्रिल-मेच्या संध्याकाळी वळीव गाठतो. वादळी वारा सुटल्यावर गुलमोहराखाली किंवा जुन्या पर्जन्यवृक्षाखाली थांबू नये, कारण फांद्या पडतात. दुकानाचा किंवा पक्क्या इमारतीचा आडोसा घ्यावा. हिवाळ्याचे फारसे सांगण्यासारखे नाही: बोटांना हातमोजे आणि पहाटे-संध्याकाळी दिवे, एवढे झाले की पुण्यातला सायकलीचा सर्वोत्तम काळ तोच.

पालख्यांचे आगमन आणि विसर्जनाची मिरवणूक या दिवशी मध्यवर्ती भागातले रस्ते वाहनांसाठी बंद असतात. सायकल हाताने ढकलत नेता येईल असे वाटते, पण त्या गर्दीत ती इतरांना अडचण ठरते. लांबचा वळसा किंवा मेट्रो हाच उपाय.

कार्यालयात सायकल लावताना

पहिल्या दिवशी सायकल घेऊन थेट दारात उभे राहण्यापेक्षा आदल्या आठवड्यात इमारतीच्या व्यवस्थापनाशी बोलून जागा ठरवून घ्यावी, आणि शक्य असेल तर ते लेखी, निदान ई-मेलवर घ्यावे. तळघरातला रखवालदार नियम करत नाही, पाळतो; त्याच्याशी वाद घालून काही साधत नाही. त्याला नावाने ओळखणारा आणि सकाळी दोन शब्द बोलणारा सायकलवाला मात्र कधीच अडत नाही, आणि सायकलवर लक्षही राहते.

कुलूप जाड, यू आकाराचे घ्यावे आणि ते सांगाडा व चाक यांतून घालून जमिनीत पक्क्या असलेल्या खांबाला लावावे. नुसते चाकात कुलूप लावून उभी केलेली सायकल उचलून नेता येते. सीट आणि पुढचे चाक हाताने सुटणाऱ्या खटक्याचे असल्यास ते नटबोल्टचे करून घ्यावेत. पेडलच्या मुख्य दांड्याखाली सांगाड्यावर कोरलेला क्रमांक आणि खरेदीची पावती यांचा फोटो काढून ठेवावा. चोरीची तक्रार नोंदवताना त्यांचाच आधार असतो.

देखभाल, आणि सायकल न काढण्याचे दिवस

आठवड्याला हवा, पंधरवड्याला चेन पुसून तेल, आणि पावसाळ्यात दर मोठ्या भिजण्यानंतर चेन, एवढे स्वतः करावे. शिलाई मशीनचे तेल पातळ असते, पहिल्याच पावसात धुऊन जाते. चेनसाठीचे तेल वापरावे, आणि कडीकडीवर थेंब टाकून वरचे तेल फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर त्यावर धूळ चिकटून काळा लगदा होतो. दुचाकी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल कधीही देऊ नये, पाणी चाकांच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये शिरते. ब्रेक शूवरच्या खाचा पुसट झाल्या की ते बदलावेत. चाकाचा आऊट काढणे, बेअरिंगना ग्रीस आणि पूर्ण ओव्हरहॉलिंग ही कामे वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, जाणत्या कारागिराकडे द्यावीत.

ताप, अपुरी झोप किंवा आदल्या रात्रीचे जागरण असेल तेव्हा सायकल काढू नये. रस्त्यावर लागणारी सावधता त्या दिवशी नसते. सुरुवातीचे काही आठवडे एक दिवसाआड चालवणे बरे. एखाद्या संध्याकाळी पाऊस, थकवा किंवा उशीर यांमुळे परतणे नकोसे वाटले तर सायकल कार्यालयातच कुलूप लावून ठेवावी, दिवे आणि पंप काढून सोबत घ्यावेत, रखवालदाराला सांगून बसने किंवा मेट्रोने घरी यावे, आणि दुसऱ्या दिवशी तसेच जाऊन संध्याकाळी ती घरी आणावी. दिवे मात्र त्या रात्री चार्ज करायला विसरू नये.